गाडी गरम असताना

सिग्नल हिरवा झाला, तिनं मूठ पिळली आणि गाडी जागची हलली नाही. बंद पडली असंही नाही. इंजिन चालू होतं, मांड्यांना त्याची धडधड लागत होती, क्लच अर्धा सुटला होता. फक्त जिथं जोर यायला हवा तिथं क्षणभर काहीच आलं नाही. जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं झालं. मग गाडीनं एकदम उसळी घेतली, पण तोवर मागच्या टेम्पोनं तिला गाठलं होतं. धक्का तसा हलकाच. ती डाव्या कुशीवर आडवी झाली, शेजारी गाडी, आणि गाडीचं मागचं चाक निवांत फिरत राहिलं, जसं काही ते या प्रकरणात नव्हतंच. टेम्पोवाला खाली उतरला. आधी त्यानं, मावशी, लागलं का, असं खरोखरीच्या काळजीनं विचारलं, आणि ती उठून बसते आहे असं दिसल्यावर जमलेल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की सिग्नल सुटल्यावर माणूस पुढं जातं, डुलकी काढत नाही. कुणीतरी गाडी उभी केली. कुणीतरी या वयात कशाला ही असली धुडं चालवायची, असं म्हणालं. ती गुडघ्याकडे बघत होती. सलवार फाटली होती आणि आतून रक्त येत होतं, पण डोक्यात गुडघा नव्हताच. तो रिकामा क्षण होता. तिथं नेमकं काय नव्हतं?

दवाखान्यात मुलगी आली ती कामावरून थेट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. ती मालवाहतुकीच्या कंपनीत ट्रक कुठून कुठं जाणार ते ठरवायची. दिवसभर फोनवर ड्रायव्हर लोकांना अमुक रस्ता धर, तमुक ठिकाणी थांबू नको, असं सांगून तिच्या बोलण्याला निकालाची सवय लागली होती. किती टाके, हाड शाबूत आहे ना, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं का, सगळं तिनं नर्सला विचारलं. आईला काही विचारलं नाही. टॅक्सीत बसल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाली, गाडी विकून टाकू. आई म्हणाली, गाडी अडखळली गं, नाहीतर काही झालं नसतं. तेव्हा मुलीनं मान वळवली.

"गाडी अडखळली, आई, की तू?"

रागानं म्हणाली असती तर उलटून बोलता आलं असतं. पण आवाज मऊ होता, म्हणून प्रश्न आत शिरला. आई तो क्षण आठवू लागली. मूठ पिळली हे खरं. पण केव्हा पिळली? हिरवा दिवा दिसला त्याच क्षणी, की दिसून गेल्यावर? आपण पिळली असं आत्ता आठवतंय, की पिळायचं ठरवलं होतं ते आठवतंय? टॅक्सी घरापाशी थांबेपर्यंत ती उजव्या हाताचं मनगट मांडीवर हळूहळू फिरवत राहिली.

ती पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाली होती. सगळी नोकरी तिनं गळत्या शोधण्यात घालवली. लोखंडी कांडीचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाची वाटी कानाला लावायची आणि जमिनीखाली पाणी कुठं फुसफुसतंय ते ऐकायचं. खात्यात ती पहिली बाई. कांडी हातात दिली तेव्हा मुकादम म्हणाला होता, बायकांना कान लावून ऐकायची सवय असतेच, आणि सगळे हसले होते, तीही हसली होती, आणि पुढं त्याच मुकादमानं खणलेले तीन खड्डे कोरडे निघाल्यावर तिनं दाखवलेल्या जागी पाणी लागलं तेव्हा मात्र कुणाला काही विनोद सुचला नव्हता. ओल जिथं दिसते तिथं गळती नसते, हे तिला त्या कामानं शिकवलं. पाणी वाट मिळेल तिकडं जातं आणि भलत्याच घरासमोर वर येतं. मग त्या घरातले लोक भांडत बसतात. ही मोटरसायकलही त्या नोकरीतलीच. खात्यानं जुन्या गाड्या काढल्या तेव्हा तिनं घेतली. नवऱ्याला चालवता येत नसे, शिकायचीही हौस नव्हती. तो मागं बसायचा, भाजीची पिशवी मांडीवर, आणि वळण आलं की तिच्या खांद्यावर दोन बोटं ठेवायचा, वळ म्हणून नव्हे, मी आहे म्हणून. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. वळणावर अजूनही तिचा तो खांदा किंचित वर होतो.

गुडघा बरा होईपर्यंत गाडी वकिलाकडे होती. वकील म्हणजे कोपऱ्यावरचा मेकॅनिक. कुठलीही गाडी आली की तो तिची बाजू अशी मांडायचा की मालकालाच अपराधी वाटावं: ऑइल कधी बदललंत, चेनला शेवटचा हात कधी लावलात, मग ती बिचारी काय करणार. त्यावरून त्याला हे नाव पडलं होतं आणि त्याला ते आवडायचंही. त्यानं कार्बोरेटर उतरवला, आतला सगळा गाळ धुतला, पेट्रोलची बारीक छिद्रं असलेले जेट हवा मारून साफ केले, प्लग बदलला, आणि दोनदा चक्कर मारून आला. मग हात पुसत म्हणाला की गाडीत काही नाही, मावशी, पिकअप एक नंबर. तिनं पुन्हा विचारलं, अगदीच काही नाही? तो म्हणाला, लिहून देतो. गाडी निर्दोष सुटली होती. पैसे देताना तिला विचित्र वाटलं, कारण या खटल्यात आरोपी दोनच होते.

तिनं मुलीला न सांगता गाडी काढली. सकाळी बाजारापर्यंत जाताना गाडी लोण्यासारखी चालली. येताना, पुलाच्या चढाआधी, मूठ पिळली आणि पुन्हा ती खालची पायरी. तेवढाच रिकामा क्षण, मग उसळी. या वेळी मागं कुणी नव्हतं. ती बाजूला थांबली आणि गाडीकडे बघत राहिली. भीती वाटायला हवी होती. पण तिला जे वाटलं ते जुनं, ओळखीचं होतं, कांडी कानाला लावल्यावर वाटायचं तसं: आहे इथंच कुठंतरी. मग ती रोज निघू लागली, काही ना काही निमित्त काढून. जाताना कधीच होत नाही आणि येताना बहुतेक वेळा होतं, एवढं लवकरच पक्कं झालं. म्हणजे गाडी गरम झाली की अडखळते, असं म्हणून ती खूश होऊन घरात शिरली, चहा टाकला, आणि पहिला घोट घेतानाच तिचं तिलाच हसू आलं. येताना गाडी गरम असते, बरोबर. पण येताना मी दमलेलीही असते. मुलीनं हाच मुद्दा काढला असता. गाडी आणि बाई एकाच वेळी निघतात, एकाच वेळी परत येतात; दोघींना एकमेकींपासून सोडवायचं कसं?

सोडवायला तिला रात्रभराची झोप पुरली. सकाळी तिनं गाडी इमारतीच्या आवारात स्टँडवर लावली, सुरू केली आणि तशीच चालू ठेवून वर गेली. आंघोळ झाली, वेणी झाली. खाली पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून ओरडून गाडी चालू राहिल्याचं सांगितलं. तिनं वरून, राहू द्या, मुद्दाम ठेवलीय, असं सांगितलं. मग ताजीतवानी होऊन खाली आली. इंजिनाजवळ हात नेला तर धग लागत होती. आता गाडी दमलेली आणि बाई ताजी. तिनं बसून मूठ पिळली आणि इंजिननं आवंढा गिळला. स्पष्ट. पुन्हा पिळली, पुन्हा गिळला. तिला एवढा आनंद झाला की खिडकीतल्या बाईंनी काय झालं म्हणून विचारलं. पण अर्ध्या पुराव्यावर खड्डा खणणाऱ्यांपैकी ती नव्हती. संध्याकाळी, गाडी गार झाल्यावर, तिनं इमारतीला फेऱ्या घालायला सुरुवात केली. पाय भरून येईपर्यंत, गुडघा ठणकेपर्यंत, मान गळून जाईपर्यंत चालली. खिडकीतल्या बाईंनी नवऱ्यालाही बघायला बोलावलं. तशी थकलेली ती थंड गाडीवर बसली, किक मारता मारता पाय थरथरला, आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. थांबली, निघाली, थांबली, निघाली. एकदाही नाही. आता बाई दमलेली आणि गाडी ताजी, आणि सगळं सुरळीत. तिनं गाडी लावली आणि तिच्या सीटवर एक चापट मारली, पकडल्यावर चोराला मारावी तशी, पण प्रेमानं.

दुसऱ्या दिवशी ती गरम गाडी घेऊन वकिलाच्या दारात उभी राहिली आणि इंजिन बंद करायला तिनं साफ नकार दिला. मागच्या वेळी काय झालं असेल ते तिला आता दिसत होतं: गाडी त्याच्या दारात रांगेत उभी राहिली, त्यानं दोन गिऱ्हाइकं केली, चहा घेतला, तोवर ती थंड झाली, आणि थंड गाडीत खरंच काही नव्हतं. वकील खोटं बोलला नव्हता. तिनं जे ऐकलं होतं ते त्यालाही ऐकवलं. मूठ पिळल्यावरचा तो आवंढा ऐकून त्यानं मान वाकडी केली, पुन्हा करा म्हणाला, आणि तोंडातली काडी काढून ठेवली. प्लग काढला तर नवाकोरा प्लग एवढ्या दिवसांत टोकाला पांढराफटक पडला होता. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, तो म्हणाला. किंवा हवा जास्त होतेय, ती म्हणाली. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, तेही खरं. मग त्यांनी एकेक वाट बंद करत आणायला सुरुवात केली. टाकीची नळी सोडून बाटलीत धार धरली, धार सणसणीत होती. टाकीत हवा कोंडत असेल म्हणून झाकण सैल करून चक्कर मारली, काही फरक नाही. कार्बोरेटर पुन्हा उघडला, तरंगणारा गोळा जिथल्या तिथं होता, जेटमधून पलीकडचं आभाळ दिसत होतं. उरली ती कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारी आखूड, जाड रबरी नळी. वरून ती धडधाकट होती. वकिलाला तिच्यात काही दिसेना. ती म्हणाली, वरून काय बघता, खालून बघा. पण खाली बोटही जात नव्हतं आणि सगळं भाजत होतं. शेवटी, कुठं चीर असली तर फवारा आत ओढला जाईल म्हणून, त्यानं साफ करायच्या फवाऱ्याची बारीक नळी त्या फटीत घातली, इंजिन चालू ठेवलं, आणि तिनं डोळे मिटले. फवारा इकडं मारला, इंजिन तसंच. तिकडं मारला, तसंच. अगदी खाली, पोटाशी मारला, आणि इंजिनाचा सूर बदलला. किंचित. दोघांनी एकाच वेळी हात वर केला.

नळी काढून त्यानं वाकवली तेव्हा तिच्या खालच्या अंगाला केसाएवढी चीर होती. सरळ धरली की मिटायची, वाकवली की ओठांसारखी उघडायची. थंड असताना रबर आवळून बसत असणार, गरम झालं की सैल पडून त्या फटीतून फुकटची हवा आत शिरत असणार. गळतीच, फक्त उलटी: बाहेर जाणारी नव्हे, आत येणारी. तिनं तो तुकडा मागून घेतला आणि घरी जाईपर्यंत खिशात बोटांनी तो मिटवत उघडत राहिली.

रविवारी मुलगी आली. आईनं तिला तुकडा दाखवला, प्रयोग सांगितले, इमारतीच्या फेऱ्या सांगितल्या. मुलगी आधी हसली, मग गंभीर झाली, मग म्हणाली, किल्ली दे. कॉलेजात असताना ती याच गाडीवर शिकली होती. बऱ्याच वेळानं परत आली ती केस विस्कटलेले, गाल लाल झालेले. पूल चढून आले, म्हणाली. तीनदा थांबवून बघितली. मग हेल्मेट काखेत धरून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, चुकलं माझं. आई म्हणाली, तुझं काय चुकलं, तू विचारलंस म्हणून तर मी शोधलं. दोघी पोटभर जेवल्या, आणि विकायचा विषय निघाला नाही. त्या आठवड्यात आई विनाकारण हिंडली. गाडी बोटाच्या इशाऱ्यानं उचलत होती. इतक्या वर्षांत ती इतकी चांगली चालली होती का कधी, की चीर हळूहळूच वाढत गेली आणि आपल्याला अडखळणं हेच चालणं वाटत राहिलं?

मग एका दुपारी, ग्रंथालयाजवळच्या चौकात, सिग्नल हिरवा झाला. तिला तो दिसला. हिरवा झाला हे तिला कळलं, आता निघायचं हेही कळलं. गाडी गरम होती आणि सुंदर वाजत होती, एकसारखी, कुठंही खोट नाही. उजवा हात मुठीवर होता. तिनं त्याच्याकडे बघितलं. हातमोज्याची शिवण उसवलेली दिसली, त्यातून आलेला दोरा दिसला. शेजारची स्कूटर निघून गेली. मागून हॉर्न वाजला, दुसरा वाजला. मग हात वळला, आपणहून, काहीच झालं नसल्यासारखा, आणि गाडीनं तत्काळ जोर दिला. चौक ओलांडून ती कडेला आली आणि इंजिन बंद केलं.

ओळखीचं कुणी बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर कुणी मागं पडलेली म्हातारी यापलीकडे काही म्हटलं नसतं. मुलीनं तिला निर्दोष ठरवलं होतं, वकिलानं ठरवलं होतं, खिडकीतल्या बाईंनीही ठरवलं असणार. फुटपाथच्या कठड्यावर बसून ती आपले प्रयोग पुन्हा तपासू लागली आणि तिला त्यातली फट दिसली. गाडीत दोष आहे हे तिनं सिद्ध केलं होतं, चोख. पण गाडीत दोष असला म्हणजे बाईत नसतो, हे कुणी सांगितलं? एकाच नळावर दोन गळत्या तिनं किती वेळा बघितल्या होत्या. मोठी बुजवली की नळातला दाब वाढतो, आणि इतके दिवस गप्प असलेली बारीक गळती बोलायला लागते. नवे लोक तेव्हा हमखास म्हणायचे की दुरुस्ती फसली. दुरुस्ती फसलेली नसायची. तिला तिची आई आठवली. शेवटच्या वर्षांत ती पोळी उलटता उलटता थांबायची, उलथनं हवेत, आणि तव्यावरची पोळी करपायची. घरातले हसायचे, आजीची तार तुटली म्हणायचे. क्षणभरानं आई स्वतःही हसायची आणि करपलेली पोळी आपल्या ताटात घ्यायची. त्या क्षणात ती कुठं असायची, हे तिला कुणीच विचारलं नाही. मीही नाही विचारलं, ती मनाशी म्हणाली. मला वाटायचं, तिथं काही नसेलच. आणि आता स्वतः तिथं जाऊन आल्यावर ठाऊक झालं होतं की तिथं असतं. शिवण असते, दोरा असतो, दिव्याचा हिरवा रंग असतो. तिला पाय गार पडल्यासारखे वाटले. पण त्या गारठ्याच्याही खाली ते जुनं, ओळखीचं हलत होतं. आहे इथंच कुठंतरी. तिनं गाडी सुरू केली नाही. हाताला धरून न्यावी तशी ढकलत घरी आणली. वाटेत दोघांनी बंद पडली का म्हणून विचारलं; ती नाही म्हणाली, आणि त्यांना ते कळलं नाही.

घरी येऊन तिनं मुलीला फोन केला, सवडीनं ये म्हणाली. मुलगी त्याच संध्याकाळी आली आणि दारातूनच, पुन्हा अडखळली का, असं विचारत आत शिरली.

"गाडी नाही," आई म्हणाली. "गाडी ठणठणीत आहे. या वेळी मी."

मुलीनं पर्स खांद्यावरून काढली नाही. आईनं चौकातलं सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. मग किल्ली टेबलावरून तिच्याकडे सरकवली. डॉक्टरांना दाखवू, तपासण्या काय असतील त्या करू, म्हणाली, आणि कळेपर्यंत ही तुझ्याकडे ठेव. मुलीच्या तोंडावर काय काय येऊन जातंय ते आईला दिसत होतं. मी म्हटलं नव्हतं का, हे आलं आणि गेलं. ओळखीच्या डॉक्टरांचं नाव आलं, रजा कधी टाकायची ते आलं, फोनकडे हातही गेला. मग तो हात परत आला. तिनं पर्स खाली ठेवली, आणि खुर्ची ओढून आईच्या समोर बसली.

"कसं असतं ते?" तिनं विचारलं. "म्हणजे आतून. तुला कसं वाटत होतं?"

अंधार होतो, असं आई म्हणाली, आणि लगेच, नाही, अंधार नाही, उलट सगळं जास्तच दिसतं, असं म्हणून तिनं ते मागं घेतलं. उजवा हात टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत पुन्हा सुरुवात केली.

"हात दिसत होता. माझाच होता. त्याला फक्त कुणीतरी चल म्हणायला हवं होतं, आणि म्हणणारं माणूस जरा उठून बाहेर गेलं होतं."

"घाबरलीस?"

"नंतर घाबरले. तेव्हा नाही. तेव्हा मी बघत होते."

मुलगीही त्या हाताकडे बघत होती. तिचा फोन वाजला, कुठल्या तरी ट्रकला कुठला तरी रस्ता हवा असणार. तिनं तो न बघताच उपडा ठेवला.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "सुरुवातीपासून. सावकाश."